जुन्या डिंकी-मॅचबॉक्सच्या बॉडीतून आपल्या रस्त्यावरच्या गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिंकी, मॅचबॉक्स अशा कंपन्यांच्या मोडक्या, रंग उडालेल्या जुन्या डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या, खेळण्यातल्या गाड्या गोळा करायच्या आणि त्यांच्या बॉडीवरून हिंदुस्थान १४, स्टँडर्ड हेरल्ड, कॉमेट ट्रक, काळी-पिवळी टॅक्सी अशा आपल्याकडच्या गाड्या घडवायच्या, हे काम मी बरीच वर्षं घरच्या गॅलरीत बसून करतो आहे. बघायला येणारी मंडळी फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. संग्राहकांच्या प्रश्नांत थोडा राग असतो, नव्यानं हात घालणाऱ्यांच्या प्रश्नांत घाई. दोघांसाठीही ही उत्तरं.

बॉडी वापरायची म्हणजे नक्की काय करायचं?

डायकास्ट गाडीचे ढोबळ तीन भाग असतात. वरचं धातूचं कवच म्हणजे बॉडी, खालचा बेस, आणि मधे चाकं, आस, सीट, काचा. बॉडी आणि बेस रिव्हेटने एकमेकांना धरून असतात. ते रिव्हेट उघडायचे, बॉडी सुटी करायची, रंग काढायचा, हवं तिथे कापायचं किंवा भर घालायची आणि नवा रंग, नवी चाकं देऊन गाडी पुन्हा उभी करायची. कुणी आत मोटर बसवतं, कुणी दिवे लावतं, कुणी नुसती कपाटात ठेवतं.

नव्या गाड्या दुकानात ढिगानं मिळतात. जुन्याच बॉडीचा हट्ट कशासाठी?

कारण आपल्याला हवा असलेला आकार जुन्यातच सापडतो. डिंकी टॉइज हे लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकॅनो कंपनीचं अपत्य. १९३४ पासून हे नाव चाललं आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये तो कारखाना बंद झाला. त्या त्या वर्षी ब्रिटनच्या रस्त्यावर ज्या गाड्या धावत होत्या, त्यांच्याच प्रतिकृती डिंकीनं काढल्या. त्यातल्याच काही गाड्या पुढे आपल्याकडे कोलकात्यात आणि मद्रासमध्ये तयार झाल्या.

मॉरिस ऑक्सफर्डचं १९४८ चं एमओ मॉडेल आपल्याकडे हिंदुस्थान १४ झालं. डिंकीनं तीच ऑक्सफर्ड १९५० मध्ये ४०जी या क्रमांकानं काढली, नंतर तिला १५९ क्रमांक मिळाला. ट्रायम्फ हेरल्ड १९५९ ची, आणि डिंकीची १८९ क्रमांकाची हेरल्डही त्याच वर्षीची. १९६१ पासून मद्रासला ती स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनू लागली. डिंकीचा लेलँड कॉमेट ट्रक, क्रमांक ५३१, हा १९४९ चा. अशोक लेलँडचा कॉमेट आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांनी घाटात चढताना पाहिलेला आहे.

म्हणजे लिव्हरपूलच्या ज्या कारागिरानं ऑक्सफर्डच्या बॉनेटची ती फुगीर वळणं साच्यात उतरवली, त्यानं नकळत आपली हिंदुस्थान १४ पण घडवून ठेवली आहे. आपण बॅज, बंपर, रंग आणि नंबरप्लेट एवढंच बदलतो. मला या छंदात सगळ्यात जास्त आनंद याचाच होतो.

मग त्याच ऑक्सफर्डची अँबेसिडर करता येईल ना?

नाही. हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो. अँबेसिडर आली ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून, त्याआधीची लँडमास्टर दुसऱ्या मालिकेवरून. डिंकीची ऑक्सफर्ड त्याहून जुनी, एमओ. तिचं छप्पर, मागचा उतार, पुढची जाळी, सगळं वेगळं. पुट्टी थापून अँबेसिडर करायला गेलात तर धड ऑक्सफर्ड राहत नाही आणि अँबेसिडर होत नाही. बॉडी जी आहे तीच तिला होऊ द्या.

कोणती गाडी कापायची आणि कोणती नाही, हे कसं ठरवायचं?

इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण सगळं काम यावर उभं आहे.

माझा नियम असा: संग्राहकाच्या दृष्टीनं जी गाडी आधीच गेलेली आहे, तीच माझ्या टेबलावर येते. मूळ रंगाचा बहुतेक भाग गेलेला, खिडकीचा खांब तुटलेला, आस गहाळ, कुणीतरी घरचा ऑइल पेंट फासलेला, अशी. मूळ रंग साठ-सत्तर टक्के शाबूत असेल तर मी हात लावत नाही, मग ती कितीही स्वस्तात मिळालेली असो.

रंगाकडे नीट बघा. एकाच साच्यातून निघालेल्या दोन गाड्यांच्या किमतीत निव्वळ रंगामुळे प्रचंड फरक पडतो. मॅचबॉक्सची ५६ क्रमांकाची फियाट १५०० घ्या. ती सहसा फिक्या समुद्री हिरव्या रंगात मिळते. लाल रंगातली गिफ्ट सेटमधून यायची, त्यामुळे ती कमी दिसते. लाल फियाट घासून काढणं म्हणजे एक दुर्मिळ वस्तू कायमची कमी करणं.

आणि दोन नावं अशी आहेत की त्यांना करवत लावूच नये. पहिलं, कोलकात्याची निकी टॉइज. डिंकीनं वापरून बाजूला ठेवलेले साचे भारतात आले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांवर निकीच्या गाड्या ओतल्या गेल्या. रंग जाड, कडा बोथट, बेसवर डिंकीच्या जागी निकी. बरेच लोक त्यांना ‘डिंकीची खराब नक्कल’ समजून कापायला काढतात. कृपा करून असं करू नका. आपल्याकडच्या मुलांच्या हातात पडलेल्या त्या गाड्या आहेत, खेळून खेळून बहुतेक संपल्या आहेत, आणि ज्या उरल्या त्या आपल्या खेळण्यांच्या इतिहासाचा पुरावा आहेत. दुसरं नाव लिओ. लिओच्या नावानं भारतात निघालेल्या हॉट व्हील्सना बाहेरच्या देशांतले संग्राहक शोधत असतात, कारण त्यांतले काही रंग आणि छपाई दुसरीकडे कुठे आलीच नाही.

एक प्रसंग सांगतो. मला एक कॉमेट ट्रक मिळाला होता, नखशिखांत हिरव्या ऑइल पेंटनं माखलेला. मी तो कापायलाच आणला होता. रिव्हेटला हात घालण्याआधी सवयीनं केबिनच्या दाराच्या आतल्या कडेवर नख फिरवलं. हिरव्याचा पापुद्रा सुटला आणि खाली निळा दिसला, काचेसारखा चकचकीत. डिंकीचा मूळ रंग भट्टीत भाजलेला असायचा, त्यामुळे तो टणक असतो. थिनर लागला की घरगुती रंग त्याआधी मऊ पडतो. थिनरमध्ये जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा घेऊन बोटाच्या पेराएवढा भाग, मग पुसायचं, मग पुढचा पेर, असं करत चार रविवार गेले. आतून जवळजवळ पूर्ण निळा ट्रक निघाला. तो आज तसाच आहे. कॉमेटसाठी मी दुसरी, खरोखर मोडकी बॉडी शोधली.

म्हणून कुठल्याही गाडीवर काम सुरू करण्याआधी ती एक दिवस नुसती बघा. दाराची आतली कड, बेसखालचा भाग, चाकाच्या कमानीची आतली बाजू. वरून चढवलेला रंग तिथपर्यंत सहसा पोचत नाही.

आवडती गाडी कापवत नाही, पण तिचाच आकार हवा आहे. काही मार्ग?

आहे, आणि तो उत्तम आहे. सिलिकॉन रबरचा साचा घ्या आणि रेझिनमध्ये बॉडी ओता. मूळ गाडीला काहीही होत नाही. साच्याभोवती भिंत करायला वापरायची माती गंधक नसलेली घ्या, नाहीतर काही प्रकारचं सिलिकॉन तिच्यालगत घट्टच होत नाही, चिकट राहतं. रेझिन मात्र जरा आकसतं, त्यामुळे मूळ बेस त्यात बसवताना कड घासावी लागते. अशा ओतलेल्या बॉडी स्वतःपुरत्याच ठेवा. कंपनीच्या आकाराच्या प्रती काढून विकणं योग्य नाही.

असल्या मोडक्या गाड्या मिळतात कुठे?

मुंबईत चोरबाजारात, मटण स्ट्रीटच्या आसपास. पुण्यात जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी. पण खरं सांगायचं तर सगळ्यात चांगला माल नातेवाइकांच्या माळ्यावर असतो. आत्याच्या, मामाच्या घरी दिवाळीची साफसफाई निघाली की आधी कळवायला सांगून ठेवा.

बाजारात जाताना खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. डायकास्ट बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, तिला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर ती पत्र्याची. आणि गाडी उलटी करून बेस वाचायची सवय लावा. मॅचबॉक्सच्या जुन्या गाड्यांवर त्या बनवणाऱ्या लेस्नी कंपनीचं नाव असतं, डिंकीवर मेकॅनोचं. कॉर्गी ही मेटॉय कंपनीची, १९५६ पासूनची. खिडक्यांना पारदर्शक काचा हे सुरुवातीपासून तिचं वैशिष्ट्य होतं. त्याआधीच्या डिंकीत खिडक्या नुसत्या मोकळ्या भोकांसारख्या असायच्या.

बॉडीवर बारीक भेगा आहेत, हात लावला की तुकडे पडतात. हे काय?

याला झिंक पेस्ट (pest, म्हणजे जस्ताला लागलेली कीड) म्हणतात. डायकास्टचा धातू म्हणजे जस्त आणि त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम. ओतताना त्यात शिसं किंवा कथिल यांचा अंश मिसळला गेला तर धातूच्या कणांच्या मधल्या सीमांवर गंज सुरू होतो. गाडी आतून फुगते, वाकते, भेगाळते आणि शेवटी बिस्किटासारखी चुरा होते. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकीत हे फार दिसतं. ऊब आणि दमट हवा याला खतपाणी घालतात, त्यामुळे कोकणातल्या घरात ठेवलेल्या जुन्या गाड्यांवर जास्त लक्ष ठेवा.

उपाय नाही. गोंद ओतून, रंग चढवून ती थांबत नाही. मात्र ती शेजारच्या गाडीला लागत नाही, ती भीती बाळगू नका. विकत घेताना छप्पर आणि बॉनेट तिरक्या उजेडात धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या तर खाली ठेवा.

रिव्हेट कसे उघडायचे? माझ्याकडून बेसच फाटला.

घाईमुळे फाटतो. माझ्याकडूनही एका हेरल्डचा बेस ड्रिल सटकून चिरला गेला होता. तेव्हापासून मी पहिले काही वेढे हातानंच देतो.

बेसच्या बाजूनं बघितलं तर बॉडीतून खाली आलेला एक खांब दिसतो, त्याचं टोक ठोकून पसरवलेलं असतं. आपल्याला काढायचंय फक्त ते पसरलेलं टोक. खांब तसाच ठेवायचा आहे, कारण पुढे त्यातच स्क्रू जाणार. आधी टोकाच्या मधोमध टोच्यानं खूण करा. मग दीड मिलिमीटरचं बिट पिन-व्हाइसमध्ये (हातानं फिरवायची बारीक ड्रिल) धरून हातानं छोटा खड्डा पाडा. आता त्या टोकापेक्षा किंचित लहान, साधारण तीन ते चार मिलिमीटरचं बिट घ्या आणि ड्रिल अगदी हळू चालवा. जस्त मऊ असतं, बिटावर चंदेरी चुऱ्याच्या बारीक कड्या चढत जातात. जेव्हा पसरलेलं टोक अंगठीसारखं सुटून बिटाभोवती फिरायला लागतं, त्या क्षणी थांबा. आवाजही बदलतो, करकर कमी होते. एवढंच. बेस आता चाकूच्या पात्यानं हळूच उचलला की निघतो.

पुन्हा जोडण्यासाठी खांबात १.६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि एम-२ च्या टॅपनं आटे पाडा. टॅप अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. तेलाचा एक थेंब. जोर लावलात तर टॅप आतच तुटतो आणि मग तो काढणं जवळजवळ अशक्य. ही बिटं आणि टॅप पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. स्क्रूनं जोडलेली गाडी पुढे केव्हाही उघडता येते, हा मोठा फायदा.

रंग काढायला कॉस्टिक सोडा चालेल का? जुने लोक सांगतात.

चालणार नाही. कॉस्टिक सोडा जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातो, आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. मी सुरुवातीला एक कॉर्गी रात्रभर सोड्याच्या पाण्यात ठेवली होती. सकाळी रंग गेला होता, पण दाराच्या रेषा, जाळीच्या पट्ट्या, हँडल, सगळं विरघळून बॉडी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यांच्याही वाटेला जाऊ नका, आम्लही जस्ताला खातं.

ॲसिटोन किंवा हार्डवेअरच्या दुकानातला पेंट रिमूव्हर वापरा. आधी काचा, सीट, क्रोमचे प्लास्टिक भाग सगळे काढून ठेवा, कारण ॲसिटोन लागलं की काच पांढरी पडते आणि क्रोम निघून जातं. काचेच्या बरणीत, झाकण लावून, गॅलरीत, आणि गॅस किंवा उदबत्ती जवळपास नसताना. मग जुन्या टूथब्रशनं घासायचं. शेवटी भांड्याच्या साबणानं धुऊन लगेच कोरडं करायचं.

जुन्या रंगात शिसं असतं म्हणतात. घरात लहान मुलं आहेत.

असतं, आणि ही गोष्ट गांभीर्यानं घ्या. जुन्या खेळण्यांचा रंग कोरडा घासू नका. धूळ उडाली की ती नाकात, फरशीवर, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताला. आधी रसायनानं रंग काढा, उरलेला भाग वॉटर पेपरनं पाण्यात भिजवून घासा. हातमोजे घाला. खाली वर्तमानपत्र घाला आणि काम झालं की ते गुंडाळून टाका. ते पाणी तुळशीत किंवा कुंड्यांत ओतू नका. आणि तयार झालेली गाडी सुंदर असली तरी ती मुलांना खेळायला देऊ नका.

बॉडी कापून दोन भाग जोडायचे आहेत. सोल्डर होतं का?

डायकास्टचा धातू साधारण ३८० अंशांच्या पुढे वितळतो. आपल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या आसपास जातं. बघता बघता कडेचा थेंब होऊन गळतो. कमी तापमानाचं खास सोल्डर असतं, पण मी त्याच्या नादाला लागत नाही. सोनाराकडची बारीक पात्याची करवत वापरून कापायचं, आतून पितळी पट्टीचा आधार द्यायचा आणि ॲराल्डाइटनं जोडायचं. पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, रात्रभर लागणारं घ्या, ते जास्त मजबूत. बाहेरची फट एम-सीलनं भरली तरी चालते, पण एम-सील जरा रवाळ असतं. शेवटचा हात गाड्यांच्या पेंटरकडच्या पुट्टीचा द्यावा.

हेरल्डला या पुट्टीची एकदा गरज पडते. डिंकीची हेरल्ड दोन दारांची. आपल्याकडची सुरुवातीचीही तशीच होती, पण १९६८ मध्ये आलेली मार्क ३ चार दारांची. ती हवी असेल तर बॉडी कापावी लागत नाही, जुनी दाररेषा पुट्टीनं बुजवून नव्या रेषा टोकदार अवजारानं कोराव्या लागतात. पट्टीला धरून, एका दमात नको, दहा-बारा हलक्या ओढींत.

नवा रंग दोन महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. का?

प्रायमर नसेल म्हणून. जस्तावर ऑइल पेंट किंवा साधं इनॅमल थेट मारलं की रंगातल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो, आणि वरचा रंग त्याच्यावर तरंगत राहतो. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला पकडून ठेवणारा अस्तराचा थर, मारायचाच. कार पेंटच्या दुकानात मिळतो.

थर पातळ ठेवा. १:४३ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढ्या गाडीवर, आपला ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर चार मिलिमीटरहून जाड रंग. दाराच्या रेषा बुजतात त्या याच्यामुळे. जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे करू नका, दमट हवेत लॅकर पांढरट पडतं. पावसाळ्यात मी फक्त कापाकापी आणि घासकाम करतो, रंग दसऱ्यानंतर. टू-के क्लिअर (दोन घटक मिसळून मारायचा पारदर्शक थर) वापरणार असाल तर त्यात आयसोसायनेट असतं, त्याला रुमाल पुरत नाही, योग्य काडतुसाचा रेस्पिरेटर लागतो. नसेल तर साधं लॅकर वापरा, फार काही बिघडत नाही.

काळी-पिवळी टॅक्सी कशावरून करायची?

मुंबईतल्या पद्मिनीवर सगळ्यांचाच जीव आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्यानंतर मला टॅक्सीबद्दल विचारणारे एकदम वाढले.

मी मॅचबॉक्सची तीच फियाट १५०० वापरतो, हिरवी आणि खरवडलेली. तिची लांबी सुमारे अडीच इंच. पद्मिनी ही फियाट ११०० वरून आलेली, त्यामुळे ही बॉडी तिची बहीण म्हणावी अशी आहे, जुळी नव्हे. तीन जागी काम करावं लागतं. १५०० ला पुढे दिव्यांच्या जोड्या, चार दिवे. पद्मिनीला दोन. आतले दोन बुजवायचे आणि बाहेरचे जरा मोठे करायचे. दुसरं, १५०० च्या कमरेभोवती एक उठावदार कड फिरते, ती कानशीनं उतरवायची. तिसरं आणि अवघड, मागचे पंख. पद्मिनीच्या डिकीच्या दोन्ही बाजूंना जी छोटी उभार टोकं होती, त्यांच्याशिवाय ती पद्मिनी वाटतच नाही. ती मी ॲराल्डाइटमध्ये पितळी तार रुजवून त्यावर पुट्टीनं घडवतो. दोन्ही बाजू सारख्या येण्यासाठी मागून आरशात बघतो, डोळ्याला न दिसलेला तिरकेपणा आरशात लगेच दिसतो.

मॅचबॉक्सच्या या फियाटवर छपरावर तपकिरी प्लास्टिकचं सामान असतं. ते जपून काढा. टॅक्सीच्या कॅरियरवर ते इतकं शोभतं की जणू दादर स्टेशनवरून गावाला निघालेलं कुटुंब आत बसलं आहे.

रंगाचा क्रम लक्षात ठेवा. आधी पांढरा प्रायमर, मग पिवळं छप्पर, ते पूर्ण वाळल्यावर मास्किंग टेप, आणि मग काळा. काळ्यावर पिवळा कधीच नीट बसत नाही, कितीही हात मारले तरी हिरवट झाक राहते.

काचा तुटल्या आहेत किंवा मुळातच नाहीत. काय करू?

सपाट काचेला औषधाच्या किंवा खेळण्याच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक पुरतं. वळणाच्या काचेसाठी लाकडाचा ठोकळा खिडकीच्या आकाराचा घासून घ्या आणि त्यावर गरम केलेलं पातळ प्लास्टिक ओढा. चिकटवायला फेव्हिक्विक नको, त्याच्या वाफेनं काच धुरकट पांढरी होते. फेव्हिकॉलचा पातळ थर लावा, वाळल्यावर तो दिसत नाही.

चाकं कुठली लावायची?

जुनी चाकं धड असतील तर तीच. टायर मात्र तपासा. काही जुने मऊ टायर प्लास्टिकच्या रिमला लागून राहिले की रिम वितळवतात. आस बदलताना बेसच्या भोकात पितळी नळी बसवा, चाक मोकळं फिरतं. मॅचबॉक्सची १९६९ नंतरची सुपरफास्ट चाकं बारीक आसावर असतात. ती जुन्या गाडीवर सहज बसतात, पण साठच्या दशकातल्या टॅक्सीवर शोभत नाहीत.

आत मोटर आणि दिवे बसतील?

१:४३ च्या गाडीत बसतात, थोडा हिशेब करून. खरी हेरल्ड साधारण १.५ मीटर रुंद, म्हणजे मॉडेल ३५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची धातूची जाडी आणि आतली चाकं वजा केली की मधे वीस-पंचवीस मिलिमीटर उरतात. एन-२० गिअरमोटर १२ बाय १० मिलिमीटर जाडीची, तिला आडवी न बसवता गाडीच्या लांबीत बसवा. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते.

वजन विसरू नका. हा धातू रेझिनच्या जवळपास सहापट जड. वळणावर गाडी कलंडते. छपराची आतली बाजू घासून हलकी करता येते, पण सहज आरपार जाता येतं. बॅटरी जितकी खाली ठेवता येईल तितकी ठेवा.

दिव्यांसाठी ०६०३ मापाचे एलईडी वापरा, तांदळाच्या कणीपेक्षा छोटे, १.६ बाय ०.८ मिलिमीटर. बॉडी धातूची आहे आणि तिच्यातून वीज वाहते, त्यामुळे उघडी तार कुठेही टेकू देऊ नका. मी आतून नेलपॉलिशचे दोन हात देतो.

तयार केलेली गाडी विकली तर चालेल?

चालेल, पण ती काय आहे हे सांगून. संग्राहकांमध्ये यासाठी ठरलेली भाषा आहे. कंपनीनं स्वतः काढलेली गाडी कोड १, कंपनीच्या परवानगीनं बदललेली कोड २, आणि आपल्यासारख्यांनी स्वतःच्या मनानं बदललेली कोड ३. आपली प्रत्येक गाडी कोड ३. बेसच्या आतल्या बाजूला वर्ष आणि ‘बदललेली’ एवढं कोरून ठेवा. पुढे दहा हात फिरली तरी कुणी तिला मूळ दुर्मिळ रंग म्हणून विकू शकणार नाही. पुन्हा रंगवलेली गाडी मूळ म्हणून खपवणं ही फसवणूक आहे, आणि त्यामुळे या छंदावरचाच विश्वास उडतो.

कापून उरलेल्या भागांचं काय करता?

काहीही टाकत नाही. प्रत्येक गाडीची एक झिपची पिशवी, वर गाडीचं नाव, क्रमांक आणि कधी मिळाली ते. बेस, आस, तुटका बंपर, काचेचा तुकडा, निघालेल्या रंगाचा एक पापुद्राही. रंग जुळवायला तो लागतो. गेल्या महिन्यात नाशिकहून एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे वडिलांची डिंकी ऑक्सफर्ड होती, मूळ रंगाची, बॉडी धडधाकट, पण खालचा पत्र्याचा बेस गंजून गेलेला. माझ्या पिशवीत एक बेस होता, हिंदुस्थान १४ केलेल्या गाडीचा, तिला मी नवी चेसिस दिली होती. टेबलावरच लावून बघितला, बरोबर बसला. ते गाडी रुमालात गुंडाळून घेऊन गेले.